ब्रेतॉन मुलं, धर्माचा वर्ग आणि एक जुनं एचिंग: साफसफाईच्या नोंदी

आधीच सांगतो, मी या कामातला माणूस नाही. फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी म्हणून भाग आहे (तिथले ते ब्रेतॉन), तिथल्या रेन शहरात आयटीत नोकरी करतो, हाताला कीबोर्डची सवय. जुन्या छापील चित्राची साफसफाई घरी करायची म्हणून नेटवर शोधलं तर सगळीकडे एक तर म्युझियमवाल्यांची भाषा, नाहीतर "ब्लीच टाका आणि कमाल बघा" छाप व्हिडिओ. मधलं काहीच नाही. म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवलं, चुकांसकट. तुमच्याकडे खरंच महागडं चित्र असेल तर मात्र हे वाचून हात घालू नका, माहीतगार माणसाकडे द्या.

३ मार्च २०२४, रविवार

बेशरेलला गेलो होतो. पुस्तकांचं गाव, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पुस्तक एकही घेतलं नाही, पण एका टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेली एक काळपट फ्रेम दिसली आणि तिथेच उकिडवा बसलो. आत एचिंग, म्हणजे आम्लानं पत्र्यात रेषा खाऊन त्यावरून छापलेलं चित्र. ब्रेतॉन खेड्यातलं देऊळ, म्हणजे छोटं चॅपेल असावं, दगडी फरशी, खांब, फरशीवर सातआठ पोरं, काही पाय पसरून, एक चक्क पेंगतंय, लाकडी बूट बाजूला काढून ठेवलेले. समोर काळ्या झग्यातला माणूस आणि हातात लांब छडी. उजवीकडे पांढऱ्या टोपीतली आजी, तिच्या हातात जपमाळ आणि मांडीशी बिलगलेलं घागऱ्यातलं छोटं पोर. मी म्हटलं वा, गुरुजी आणि छडी, हे तर आपलंच.

झग्यावाल्याच्या गळ्याशी दोन पांढरे पट्टे होते, आपल्याकडे कोर्टात वकिलांच्या असतात तसे. त्यामुळे मी आधी म्हटलं हा मास्तर की वकील. विकणाऱ्यानं सांगितलं, अहो तो रेक्तर, गावचा पाद्री. बाकी फ्रान्समध्ये क्युरे म्हणतात तो, ब्रिटनीत रेक्तर, आणि गंमत म्हणजे ब्रेतॉन भाषेत क्युरे म्हणजे त्याच्या हाताखालचा. गळ्यातले पट्टे त्या काळच्या फ्रेंच पाद्र्यांचे. म्हणजे चित्रात चाललाय तो कातेशिझम, धर्माचा वर्ग.

चाळीस सांगितले, पस्तीस युरोला दिलं.

अवस्था: कागद थेट काचेला चिकटून. चहाच्या रंगाचे डाग, तपकिरी ठिपके, आणि चित्राच्या वरच्या डाव्या बाजूला खांबामागच्या भिंतीवर काजळी धरल्यासारखा तळहाताएवढा काळा धब्बा. हा धब्बा लक्षात ठेवा.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसनंतर फ्रेम उघडली. मागे जाड तपकिरी कागद, त्याखाली लाकडाच्या तीन पातळ फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या, त्याखाली पुठ्ठा, आणि फळ्या-पुठ्ठ्याच्या मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा. वेस्त-एक्लेअर! हा पेपर रेनचाच, १८९९ ला निघाला आणि १९४४ ला बंद झाला. तारखेचा कोपरा फाटलेला, नाहीतर मजा आली असती. तरी एवढं कळलं की हे फ्रेमिंग १८९९ च्या आधीचं नाही. नंतर कितीही नंतरचं असू शकतं, रद्दी काय लोक वर्षानुवर्षं ठेवतात, आमच्या घरी माळ्यावर अजून आहे.

पहिली चूक इथेच. खिळे गंजलेले, मी पक्कड काचेच्या बाजूला टेकवून ओढले. टक्. जुनी लाटा-लाटांची हातानं बनवलेली काच, कोपऱ्यापासून मधोमध गेली. पक्कड नेहमी फ्रेमच्या लाकडावर टेकवा, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरा. ही काच परत मिळत नाही, आणि तिच्याशिवाय फ्रेमला ते जुनं रूप येत नाही. फुकटचा बेचाळीस युरोचा फटका, पुढे येईलच.

पुठ्ठ्याच्या पाठीवर फळ्यांच्या फटींचे उभे तपकिरी पट्टे उमटलेत. लाकूड आणि स्वस्त पुठ्ठा दोन्ही आम्लधर्मी, ते आम्ल हळूहळू कागदात उतरतं. चित्र मात्र पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेलं. चिकटवलंय सरसानं, ओलं बोट लावून वास घेतला, तोच तो.

६ ते ८ मार्च

तीन संध्याकाळी फक्त एकाच प्रश्नावर गेल्या: हे खरंच एचिंग आहे का, की नंतरच्या काळातलं फोटो-छपाईचं काम. फालतू वाटेल पण हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं शाई आणि कागदावर अवलंबून. मी जे पाहिलं ते असं. दहापट भिंग घेतलं, बारा युरोचं. छपाईचे ठिपके कुठे नाहीत. मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तर शाईच्या रेषा कागदावर उठून आलेल्या दिसतात, आणि चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याचा आयताकृती दाब उमटलाय, २७ बाय २१ सेंटीमीटर. रेषांची टोकं बोथट, गोलसर. हातानं कोरलेल्या रेषेचं टोक निमुळतं होत जातं, आम्लानं खाल्लेल्या रेषेचं तसं होत नाही. तर हो, एचिंग.

खालचा समास पुठ्ठ्यामागे दुमडून चिकटवलेला होता, कोणा महाभागानं फ्रेममध्ये बसावं म्हणून केलं असणार. तिथे बारीक अक्षरं आहेत, डावीकडे "पिंक्स", उजवीकडे "स्क", म्हणजे मूळ चित्र रंगवणारा एक आणि पत्र्यावर उतरवणारा दुसरा. दोघांची नावं दुमडीत झिजून गेलीत. मधोमध "इंप" आणि "पारी" एवढंच. पॅरिसात छापलं, कोणी ते गेलं. १८६२ ला पॅरिसात एचिंगवाल्यांची सोसायटी निघाली, त्या आसपास या प्रकाराला चांगलाच बहर आला, आणि तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचा पातळ थर चढवायची युक्ती त्याच्या थोडी आधीच आली होती, त्यामुळे एका पत्र्यातून भरपूर प्रती निघायच्या. थोडक्यात माझी प्रत काही एकमेव वगैरे नसणार. बायकोला हे ऐकून बरं वाटलं, "म्हणजे बिघडलं तरी चालेल."

९ मार्च, शनिवार

कोरडी सफाई. साहित्य: मऊ रुंद ब्रश, काजळी पुसायचा रबरी स्पंज (कोरडाच वापरतात, ओला नाही), पांढरं व्हिनाइल खोडरबर आणि किसणी. खोडरबर किसून त्याचा चुरा बोटांनी हलक्या हातानं गोल फिरवायचा, चुरा काळा झाला की ब्रशनं झटकायचा. समासावर भारी काम झालं, एका तासात तीन छटांनी उजळला.

मग हात शिवशिवायला लागले. तो भिंतीवरचा काळा धब्बा. चुरा झाला, स्पंज झाला, काही फरक नाही. मग मी अख्खं खोडरबर घेतलं आणि घासलं. दहा मिनिटं घासलं असेल. कडेचा एक भाग, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, थोडा फिका झाला तेव्हा मला आनंद झाला की चला, निघतंय.

१० मार्च, रविवार

सकाळी उजेडात भिंग लावलं आणि पोटात गोळा आला.

तो डाग नाहीच. रेषा आहेत त्या. अगदी बारीक, एकावर एक आडव्या-उभ्या, मुद्दाम गडद केलेल्या, आणि त्या अंधारात एक चित्र टांगलेलं आहे. चित्रातलं चित्र. मोठं बदामाच्या आकाराचं हृदय, त्याच्यावर माणसाचा चेहरा, आणि हृदयाच्या आत प्राणी. मोराचा पिसारा ओळखू आला, खाली डुक्कर, एक कासव. रेक्तरच्या हातातली छडी पोरांवर उगारलेली नाहीये, तिचं टोक बरोबर त्या हृदयावर टेकलंय.

आणि मी जिथे घासलं तिथे बोकडाची शिंगं असावीत, ती आता फिकी. शाईचा वरचा भाग गेला आणि कागदाला लव सुटली. हे दुरुस्त होत नाही. पेन्सिलनं रेषा भरायचा विचार आला, दहा मिनिटांत सोडून दिला. खोडरबर छापलेल्या भागावर चालवायचंच नाही, समास आणि पाठ एवढ्यापुरतंच. आणि भिंगातून अख्खं चित्र बघून झाल्याशिवाय "डाग" हा शब्द उच्चारायचा नाही. माझा दिवसभर मूड गेला होता, जेवलोही नाही नीट.

१६ मार्च, शनिवार

आज काम बंद, लायब्ररी. शां लीब्रच्या इमारतीत लायब्ररी आणि ब्रिटनीचं म्युझियम एकत्रच आहे. हृदय आणि प्राणी म्हणताच काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ताओलेन. अनेकवचन ताओलेनू. शब्दाचा अर्थ नुसता चित्र, तक्ता असा.

मिशेल ल नोब्लेत्झ नावाचा पाद्री होता, १५७७ ते १६५२. कोळ्यांना, शेतकऱ्यांना वाचता येत नाही तर प्रवचन देऊन उपयोग काय, म्हणून त्यानं मेंढीच्या कातड्यावर चित्रं रंगवून घेतली आणि दुआर्नेनेसारख्या गावांत काठीनं एकेक जागा दाखवत धर्म शिकवला. त्यातली काही कातडी अजून कँपेरच्या बिशपच्या कचेरीकडे जपलेली आहेत. समजावून सांगायला तो बायकांनाही बसवायचा, यावर त्या काळी बरीच बोंब झाली. पुढे त्याच्या मागून आलेल्या मोन्वारनं हे गावोगाव नेलं, आणि हृदयातल्या प्राण्यांची चित्रं व्हानकडच्या उबी नावाच्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यापासून पसरली. मोर गर्वाचा, डुक्कर खादाडपणाचं, कासव आळसाचं, बोकड वासनेचा. आपल्याकडे रिपू सहा, यांच्याकडे सात, एक जास्तीचा. पश्चात्ताप झाला की पुढच्या तक्त्यात प्राणी हृदयाच्या बाहेर पडलेले दाखवायचे, आणि परत पाप केलं की त्याच्या पुढच्या तक्त्यात सगळे परत आत. हे प्रकरण विसाव्या शतकापर्यंत चाललं.

म्हणजे वासनेचा बोकड मी खोडरबरानं घालवला. पुण्य लागेल बहुतेक.

अजून एक सापडलं ते लिहून ठेवतो. चित्रातली मोठी पोरं अकरा-बारा वर्षांची वाटतात, ते बरोबर आहे, कारण १९१० ला पोपनं वय सातच्या आसपास आणेपर्यंत पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पवित्र भाकरी पहिल्यांदा घ्यायचा विधी) त्याच वयाला व्हायचं, आणि त्याआधी कातेशिझम पाठ पाहिजे. तो पाठ व्हायचा ब्रेतॉन भाषेतून. १९०२ च्या सप्टेंबरात पंतप्रधान कोंब यांनी परिपत्रक काढलं की प्रवचन आणि कातेशिझम फ्रेंचमध्येच, ऐकलं नाही त्या पाद्र्यांचे पगार थांबवले (तेव्हा पगार सरकार द्यायचं, १९०५ ला ते नातंच तुटलं). शाळेत ब्रेतॉन बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडी बूट नाहीतर असलंच काहीतरी अडकवायचे आणि ते पोर दुसऱ्या कोणाला बोलताना पकडेपर्यंत ते त्याच्याच गळ्यात. आमच्या शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड होता, वर्गात एक मॉनिटर त्यासाठीच नेमलेला. गळ्यात काही नव्हतं एवढंच.

२३ मार्च, शनिवार

आता पाण्यात धुवायचं ठरवलं. सुपरमार्केटमधून डिमिनरलाइज्ड पाण्याचे तीन कॅन आणले, घरी येऊन ट्रेमध्ये ओतलं तर लव्हेंडरचा घमघमाट. इस्त्रीचं सुगंधी पाणी उचलून आणलं होतं मी, शेजारी शेजारी ठेवतात, लेबल वाचा. परत गेलो, साधं आणलं.

ट्रे भरला तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर पुस्तकबांधणी केली, मी त्यांना जिन्यात हे सगळं सांगत असतो. ट्रे बघून त्या दारातूनच म्हणाल्या, "मस्यू, थांबा. हात लावू नका." चष्मा बदलला, कागदाची कड उजेडात धरली आणि नख न लावता नुसतं दाखवलं: छापाच्या आतला कागद आणि समासाचा कागद वेगळे आहेत. आतला अगदी पातळ, किंचित पिवळसर, रेशमासारखा, तो छपाईच्या वेळीच जाड कागदावर चिकटवून प्रेसमधून काढलेला. शीन कोले म्हणतात. "पाण्यात बुडवलंत तर चित्र एकीकडे तरंगेल आणि कागद दुसरीकडे. मग रडाल."

दोन आठवडे भिंग घेऊन बसलोय आणि हे दिसलं नाही मला. मोबाईल टॉर्चमध्ये कड दिसत होती, ती मी पत्र्याचा दाब समजत होतो. तुमचं चित्र जुनं फ्रेंच असेल तर हे आधी तपासा, त्या काळात हा प्रकार बराच वापरायचे.

ट्रेमधलं पाणी झाडांना घातलं.

३० मार्च ते १ एप्रिल, ईस्टरची सुट्टी

पुठ्ठा काढायचा. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम, साडेअकरा तास गेले. चित्र पालथं घालायचं, खाली स्वच्छ टीपकागद, आणि पुठ्ठा थराथरानं सोलायचा. चित्र पुठ्ठ्यापासून ओढायचं नाही, पुठ्ठा चित्रापासून सोलायचा, चित्र सपाटच राहिलं पाहिजे. पहिले थर हातानं निघाले, नंतर पातळ बोथट सुरी आडवी धरून. शनिवारी बोटं सुजली.

शेवटचा थर आणि सरस कोरडा निघत नाही. मिथाइल सेल्युलोजची घट्ट जेली करायची (पाण्यात रात्रभर भिजवून, बारा युरोची पुडी), हातभर जागेवर नको, पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर जाड थर द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी सरस फुगतो, मग सुरीनं जेलीसकट खरवडून घ्यायचा. जेली पाणी हळूहळू सोडते म्हणून कागद चिंब होत नाही, शीन कोलेसाठी हेच महत्त्वाचं. रविवारी सहा तुकडे झाले, छान चाललं होतं.

सोमवारी सुट्टी पण माझा ऑनकॉल. वरच्या उजव्या कोपऱ्यावर जेली लावली आणि फोन, प्रॉडक्शनला काहीतरी पडलं. पंधरा मिनिटं म्हणता म्हणता पंचेचाळीस झाली. येऊन बघतो तर जेली खरवडल्यावर पाठ मऊ लिबलिबीत, आणि उलटून पाहिलं तर पुढून पातळ कागद फुगा येऊन सुटलाय, तीन सेंटीमीटरचा. फाटला नाही हे नशीब. जेली लावल्यावर घरातून, फोनपासून, पोरांपासून, कशापासूनही उठायचं नाही.

फुगा तसाच वाळू दिला, वर न चिकटणारं पॉलिएस्टरचं पातळ कापड आणि टीपकागद, हलकं वजन.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

फुगा परत चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ लागते. घरात स्टार्च नव्हता म्हणून मी रविवारी मैद्याची खळ करून मादामना दाखवायला नेली होती, त्यांनी बोटावर घेऊन बघितली आणि सिंकमध्ये ओतली. मैद्यात ग्लुटेन असतं, पिवळं पडतं, कडक होतं. नुसता स्टार्च पाहिजे. त्यांनी त्यांच्याकडची पुडी दिली.

पहिल्या प्रयत्नात गुठळ्या, दुसऱ्यात तळाला लागली. पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला आईला फोन केला तेव्हा बोलता बोलता हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे म्हणजे कुरडईचा चीकच ना? मग आधी गार पाण्यात कालव, पातळ कर, आच बारीक ठेव आणि हात थांबवू नकोस. काचेसारखा दिसायला लागला की झाला." आणि खरंच, एक भाग पीठ पाच भाग पाणी, वीस मिनिटं ढवळत राहिलो, पांढरं दुधासारखं होतं ते अर्धपारदर्शक झालं. गार करून बारीक गाळणीतून दोनदा चोळून काढलं, मग पाणी घालून ताकाइतकं पातळ केलं. मीठ घालू का विचारलं आईनं. नाही घातलं. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्यायची.

तिला चित्राचा फोटोही पाठवला होता. तिचं म्हणणं, पाद्री बाजूला राहू दे, खरं शिकवतेय ती आजीच, "बघ की, छोटीकडून शुभंकरोती म्हणून घेतेय."

१३ एप्रिल, शनिवार

फुगा चिकटवला. दोन केसांचा म्हणावा असा ब्रश, खळ कडेतून आत सोडायची, वरून पॉलिएस्टरचं कापड ठेवून हाडाच्या पट्टीनं मधून बाहेरच्या दिशेला दाबायचं. पंधरा मिनिटांचं काम, पण आधी तासभर हात थरथरत होते म्हणून बसूनच होतो. तिरप्या उजेडात एक बारीक सुरकुती दिसते, खांबाच्या सावलीत पडते म्हणून खपून जाते.

२० एप्रिल, शनिवार

बुडवून धुता येत नाही, तर टीपकागदावर. मादामची पद्धत. जाड टीपकागद पाण्यानं ओला करायचा, थबथबीत नाही, वरून बोट दाबलं तर ओलं व्हावं इतपत. त्यावर चित्र सुलटं ठेवायचं, आधी अल्कोहोल आणि पाणी अर्धं अर्धं फवारून कागद सगळीकडे सारखा दमट करायचा, वर प्लॅस्टिकचं झाकण. कागदातली पिवळी घाण खालच्या टीपकागदात ओढली जाते. शाई तेलाची, तिला काही होत नाही, तरी एका कोपऱ्यात ओल्या कापसाच्या बोळ्यानं आधी तपासा, हातानं रंग भरलेला असेल किंवा पेन्सिलची सही असेल तर वेगळी गोष्ट.

पाण्यात चुन्याची निवळी थोडी घातली होती, पट्टीवर पीएच आठ येईपर्यंत. पानाचा चुना नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड.

पहिला टीपकागद अर्ध्या तासात कटिंग चहाच्या रंगाचा झाला. दुसरा लिंबू सरबत. पाच बदलले, पाचवा जवळपास पांढरा. प्रत्येक टीपकागद तीन युरो, पण पैसे वसूल. पिवळेपणा गेला, पोरांचे चेहरे कागदापासून सुटून पुढे आले, आणि पेंगणाऱ्या पोराच्या मांडीवर एक छोटं पुस्तक आहे हे आजच कळलं.

तपकिरी ठिपके गेले नाहीत, फिके झाले. ब्लीचचा मोह होणाऱ्यांसाठी: मी बेशरेलहून दोन युरोचं एक फाटकं चित्र बळीचा बकरा म्हणून आणलं होतं, ९ मार्चलाच त्यावर जावेलचं पाणी, म्हणजे इथलं घरगुती ब्लीच, लावून बघितलं. ठिपका गेला, त्याजागी पांढरं भोक असल्यासारखी जागा झाली, आणि आता दीड महिन्यानं तो भाग घडी घातली की तुटतो. ठिपके राहू द्या.

२१ ते २५ एप्रिल

वाळवताना चूक. दोन टीपकागदांमध्ये घालून वर ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा ठेवला, नऊ किलो. मला वाटलं जितकं वजन तितकं सपाट. दुसऱ्या दिवशी टीपकागद बदलताना बघितलं तर पत्र्याचा दाब, ज्याच्यावरून हे एचिंग म्हणून ओळखलं तोच, वरच्या बाजूनं बसून गेलाय. लगेच काढलं, दोन्हीकडून मऊ फेल्ट घातलं आणि वजन म्हणून नुसती पाच मिलीमीटरची काच. वरची कड गेली ती गेली, बाकीच्या तीन राहिल्या. टीपकागद रोज बदलला, पाच दिवस.

१ मे, बुधवार

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकीसारखी पुठ्ठ्याची चौकट, कापला. कापसाच्या पुठ्ठ्याचा, चौदा युरोचा. उजव्या-डाव्या समासाची बेरीज चुकली आणि खिडकी दीड सेंटीमीटर जास्त रुंद झाली, पुठ्ठा वाया. आज सगळं बंद, दुसरा मिळणार नाही. झोपलो.

८ मे, बुधवार

दुसरा पुठ्ठा बरोबर कापला. चित्र वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांवर टांगलंय, तीच खळ. खालून मोकळं, कागद हवेप्रमाणे आकसतो-फुगतो, त्याला जागा पाहिजे. खालचा दुमडलेला समास उलगडून ठेवलाय, "पिंक्स" आणि "स्क" दिसतात, नाव नसलं तरी.

काच यूव्ही अडवणारी, बेचाळीस युरो. कापून देणाऱ्या दुकानदारानं "चित्र पण गरम प्रेसनं बोर्डावर चिकटवून देऊ का, एकदम सपाट होईल" असं प्रेमानं विचारलं. साडेअकरा तास आठवले, नाही म्हटलं.

मागे फळ्या नाहीत, आम्लरहित बोर्ड. वेस्त-एक्लेअरचा तुकडा पाकिटात घालून फ्रेमच्या मागे अडकवला.

एकूण हिशोब: चित्र ३५, काच ४२, माउंटचे दोन पुठ्ठे २८, मागचा बोर्ड ९, टीपकागद २४, भिंग १२, जेली १२, जपानी कागद ८, स्पंज-ब्रश-ब्लेड वगैरे २६, पाणी (लव्हेंडरसकट) ११, बकरा २. २०९ युरो. वेळ साधारण ४५ तास, लायब्ररी धरून. विकायला गेलो तर साठ मिळतील.

१२ मे, रविवार

पॅसेजमध्ये लावलं, खिडकीच्या समोर नाही. मादामना कॉफीला बोलावलं होतं. त्या बराच वेळ चित्रासमोर उभ्या होत्या, फिक्या बोकडापाशी थांबल्या, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मग आजीच्या मांडीशी असलेल्या छोटीकडे बोट करून म्हणाल्या, हा पोरगा छान काढलाय.

मी म्हटलं पोरगी ना, घागरा आहे.

"मुलगे पण तेच घालायचे, मस्यू, पाचसहा वर्षांचे होईपर्यंत. माझ्या वडिलांचा अस्साच फोटो आहे, झगा, टोपी, सगळं." आणि त्यांनी टोपीच्या शेंड्यावरचा गोंडा दाखवला, जो मी भिंगातून शंभरदा बघितला असेल.

आईला कळवलं. ती म्हणाली, मग काय झालं, शुभंकरोती मुलग्यांनीही म्हणायची असते, तू म्हणायचास का कधी?